भिंतीला भिंत लावून राहिलेला दोस्त

परवा नवीन शेव्यातील एक गृहस्थ रक्तदाब तपासायला आले. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, तरी झोप नाही. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टर, जुन्या शेव्यात आमची भिंतीला भिंत होती. खाडीत पोहायला बरोबर शिकलो. तो हनुमान कोळीवाड्यात गेला, आम्ही इकडे. भेट नाही."

बंदर 1989 साली सुरू झाले. त्यापायी गाव उठले आणि शेजार दोन ठिकाणी विखुरला.

एकटेपणा हा नुसता मनाचा विषय नव्हे. मन सतत ताणात राहिले की शरीरात ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसोल ही द्रव्ये वाढतात, रक्तदाब चढतो, झोप उडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली यासाठी खास आयोग नेमला. बालमित्रापुढे मोठेपणा मिरवावा लागत नाही, म्हणून मन लवकर सैल होते, असा माझा अनुभव. (औषधाच्या दुकानात तो मिळत नाही, एवढीच अडचण!)

गोळी बंद करू नका, असे बजावून मी त्यांना मित्राकडे पाठवले. पहिली भेट अवघड जाते. त्या दिवशी जमिनीचे, पैशाचे जुने हिशेब काढू नयेत.

पंधरा दिवसांनी दोघे आले. रक्तदाब फारसा उतरला नव्हता, पण झोप लागते म्हणाले. दोस्ताला मात्र जिना चढताना धाप लागली होती. त्याचा ईसीजी काढायला सांगितला.