थंडीत झाड रुसतं, त्याला पाण्यात बुडवू नका

दिवाळी सरली, भात झोडून झालं, पेंढा रचून झाला की गटाच्या बैठकीत दरवर्षी तोच विषय निघतो. कुणाचा कढीपत्ता पिवळा पडलेला असतो, कुणाच्या तुळशीनं मान टाकलेली असते. पपईची पानं गळतात, केळीचं नवं पान येता येत नाही, मोगऱ्याला कळी दिसत नाही. मग कुणी मूठभर युरिया टाकतं, कुणी सकाळ-संध्याकाळ हंडा ओततं, कुणी दुकानातून टॉनिकची बाटली आणतं. माघ येईपर्यंत झाड खरंच मरतं आणि आपण म्हणतो, थंडीनं गेलं.

आज आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या मुळशीची थंडी सहसा झाड मारण्याएवढी कडक नसते. थंडीत मुळं गारठतात आणि झाड काम थांबवतं. अशा वेळी आपण मायेनं घातलेलं जादा पाणी आणि खत त्याचा घात करतं. एक पपई किंवा एक केळ म्हणजे पोरांच्या ताटातलं फळ आणि आठवडी बाजारात वाचलेला पैसा. म्हणून हे नीट समजून घेऊ.

घाटाखाली ऊब, घाटावर गारठा

परसातली पुष्कळ झाडं मुळात उष्ण मुलखातली आहेत. केळी, अळू, हळद, आलं ही उबदार, दमट रानातली. पपई, मिरची, पेरू तर काही शतकांपूर्वी अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आपल्याकडे आले. यांना कडक थंडीची सवयच नाही.

आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर ताम्हिणी घाटाखाली, माणगाव-रोह्याकडं आहे. येताना कुणी सुपारीचं रोप आणतं, कुणी काळी मिरी, कुणी कोकम. तिकडं वाढलेलं रोप इथं का रुसतं? कोकणात समुद्र जवळ, हवा दमट, त्यामुळं रात्रीही ऊब टिकते. आपण घाटावर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. हिवाळ्यात इथलं आभाळ मोकळं आणि हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडून देते, आणि ती अडवायला ढगांची गोधडी नसते. म्हणून जानेवारीत दुपारी ३० अंशांच्या आसपास ऊन, तर पहाटे ११-१२ अंश, कधी त्याहूनही कमी. १७ जानेवारी १९३५ रोजी तर पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. एवढी थंडी क्वचितच पडते. पण उष्ण मुलखातल्या झाडाला त्रास व्हायला बर्फ पडावा लागत नाही. रात्री दहा-बारा अंशांच्या खाली जाऊ लागल्या की केळी, पपईची वाढ जवळजवळ थांबते.

झाडाच्या आत काय होतं

थंडीत खोबरेल तेलाची बाटली कशी होते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात पाण्यासारखं वाहणारं तेल हिवाळ्यात घट्ट होतं, शेंगदाण्याचं तेल मात्र पातळच राहतं. झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो आणि त्यात तेलासारखे पदार्थ असतात. उष्ण मुलखातल्या झाडांचा हा पापुद्रा गारठ्यात घट्ट होतो आणि त्याचं काम मंदावतं. थंडी फार झाली तर तो फाटतो, आतलं पाणी झिरपतं आणि पानावर काळपट, भाजल्यासारखे डाग पडतात. मेथी, वाटाणा, हरभरा यांचा पापुद्रा गारठ्यातही मऊ राहतो, म्हणून ती पिकं थंडीत खुलतात.

हेच मुळांनाही होतं. गार मातीत मुळं पाणी ओढायला आळसावतात. सकाळी ऊन चढलं की पानांतून पाणी उडू लागतं, पण खालून पुरेसं येत नाही. माती ओली असूनही झाड सुकल्यासारखं दिसतं. आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून आपण आणखी पाणी ओततो. मातीतली हवा कोंडते आणि मूळ कुजायला लागतं.

खताचंही तसंच. गार मातीत शेणखत कुजवणारे जिवाणू मंद झालेले असतात आणि मुळंही खत नीट उचलत नाहीत. युरिया लागू पडलाच तर कोवळी लुसलुशीत पानं फुटतात, आणि गारठा पहिल्यांदा त्यांनाच भाजतो. मक्याची, टोमॅटोची कोवळी पानं जांभळट झाली तर घाबरू नका. माती गार असल्यानं स्फुरद उचलला जात नाही. ऊब आली की नवी पानं पुष्कळदा हिरवी येतात.

पाणी किती आणि कधी

पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं खुपसा. माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी नको, मग झाड कितीही मलूल दिसो. पाणी सकाळी ऊन वर आल्यावर द्यावं, मुळाशी द्यावं, पानांवर शिंपडू नये. संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर दहिवरात ओली राहतात आणि करप्यासारखे रोग वाढतात. पपईच्या बुंध्याला मातीची भर द्या आणि आळं बुंध्यापासून हातभर लांब करा, म्हणजे बुंध्याशी पाणी साचणार नाही. न्हाणीचं पाणी केळीला सोडलेलं असेल तर हिवाळ्यात ते एकाच जागी साचू देऊ नका, पाट फिरवत राहा.

याचा अर्थ जमीन कोरडी ठणठणीत ठेवावी असा नाही. ओलसर माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. म्हणून कडाक्याची थंडी येणार असं कळलं की त्या दुपारी हलकं पाणी द्यावं. पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, ते आपण रोज अनुभवतो. फारच गारठा असेल तेव्हा उघड्यावरच्या केळीला पहाटे थोडं विहिरीचं पाणी सोडलं तरी चालतं. हे फक्त थंडीच्या लाटेपुरतं, रोजचं नव्हे.

जागा आणि पांघरूण

गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि खोलगट जागी साठते. महाबळेश्वरला काही वर्षी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, ती बहुधा खालच्या वेण्णा तलावाच्या परिसरातली असते. आपल्याकडं डोंगराच्या पायथ्याची खाचरं, ओढ्याकाठची जागा, बांधाच्या आतला खोलगटा या गार जागा. तिथं मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, हरभरा लावा. पपई, केळी आणि माहेरची रोपं थोड्या उंचवट्यावर. उताराच्या खालच्या बाजूला दाट कूड असेल तर तिच्यात फट ठेवा, नाहीतर गार हवा परसातच कोंडते.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो. घराच्या दक्षिण अंगाला दिवसभर ऊन मिळतं आणि दगडी भिंत ती ऊब रात्री परत देते. उत्तरेचं अंगण मात्र सावलीत राहतं. कुंड्या, डबे, पिशव्यांतली रोपं दोन महिने दक्षिणेच्या भिंतीशी सरकवा. एवढ्यानंही खूप फरक पडतो.

मुळांवर भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा चार बोटं जाड पसरा, बुंध्याला मात्र चिकटवू नका. लहान रोपाभोवती चार काठ्या रोवून वरून जुनी साडी किंवा गोणपाट टाका. कापड जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे, कारण ऊब मातीतूनच येते. प्लॅस्टिक वापरलंत तर ते पानाला टेकू देऊ नका, टेकलेलं पान जास्त गारठतं. सकाळी ऊन आलं की पांघरूण काढायचंच, नाहीतर रोप आत उकडतं. शेकोटी करायची तर लहान, रोपांपासून लांब, आणि समोर बसून. या दिवसांत डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं. एका ठिणगीनं वणवा लागतो, पेंढ्याची गंजी जाते.

एकेका झाडाचं

तुळस: कार्तिकात लग्न लागलं की तुळशीला मंजिऱ्या लगडतात. सगळी ताकद बियांत जाते आणि वर आपण रोज गडूभर पाणी घालतो. थंडीत पळीभर पाणी पुरे. पूजा तेवढ्यानंही होते. मंजिऱ्या खुडा आणि थोडं बी जपून ठेवा.

कढीपत्ता: पानं पिवळी होऊन गळणं हा त्याचा विसावा. पौषात ओरबाडू नका. फाल्गुनात शेंडे छाटा आणि मग शेणखत द्या.

हळद, आलं, अळू: हळद आणि आल्याची पानं वाळणं ही कंद तयार झाल्याची खूण. तेव्हा पाणी तोडा. अळवाची पानं लहान होतात. कंद जमिनीत राहू द्या, ऊब आणि ओल मिळाली की फुटतो.

केळी: थंडीत घड निसवायची वेळ आली तर तो बुंध्यातच अडकतो, नाहीतर बारीक राहतो. जळगावच्या केळी बागांत थंडीच्या अशा दणक्याला चरका म्हणतात. शासनाच्या हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमान हा धोकाही धरलेला आहे. लागवडीनंतर साधारण आठ-नऊ महिन्यांनी घड निसवतो. तो महिना पौषात येणार नाही असा हिशेब करून पिल्लं लावा. बाहेर आलेला घड वाळलेल्या पानांनी झाका.

पपई: थंडीतलं फळ उशिरा पिकतं आणि फिकं लागतं. झाड बिघडलं असं समजू नका. नव्या फळांची गोडी उन्हाबरोबर परत येते.

मोगरा: आता पाणी कमी करा. जानेवारीच्या अखेरीस छाटणी, मग शेणखत, मग भरपूर पाणी. चैत्र-वैशाखात फुलं.

माहेरची रोपं: सुपारी, मिरी, कोकम कार्तिकात आणू नका. पावसाच्या सुरुवातीला आणा, म्हणजे थंडीआधी मुळं धरतात. पहिले दोन हिवाळे पांघरूण लागतंच.

आंबा: याची गोष्ट उलटी. मोहर येण्यासाठी त्याला गारठा लागतो. मोहराआधी पाणी दिलंत तर पालवी फुटते आणि मोहर राहून जातो. फळ वाटाण्याएवढं झालं की मग पाणी सुरू करा.

लाट येते तेव्हा

मैदानी भागात पहाटेचं तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असलं की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. ती बातमी ऐकली की तीन कामं: दुपारी हलकं पाणी, सूर्य मावळायच्या आत पांघरूण, सकाळी पांघरूण काढणं.

लाट गेल्यावर झाड काळवंडलेलं दिसलं तरी कोयता उचलू नका. भाजलेली पानं खालच्या डोळ्यांना आडोसा देतात. रथसप्तमी होऊ द्या, रात्री उबदार होऊ द्या. मग फांदीची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. हिरवं लागेल तिथपर्यंतच छाटा, मग खत आणि हळूहळू पाणी वाढवा. आमच्या गटातल्या एका काकूंचा कढीपत्ता पौषात निव्वळ काठी झाला होता. सून उपटायला निघाली, काकूंनी अडवलं. होळीच्या सुमारास बुंध्यातून फूट आली.

बंगल्यांच्या बागेत कामाला जाणाऱ्या मैत्रिणींनीही हे लक्षात ठेवावं. तिथली शोभेची झाडंही बरीचशी उष्ण मुलखातलीच. मालकांना आधीच सांगून ठेवा की थंडीत पाणी कमी करावं लागेल. नाहीतर झाड कुजल्यावर दोष तुमच्यावर येतो.

एक काम गटानं मिळून करण्यासारखं आहे. या महिनाभर पहाटे अंगणात येताना बघा, गावात दहिवर कुठं जास्त पडतं, धुकं कुठं साठतं, ऊन सगळ्यात उशिरा कुठं पोचतं. गटाच्या वहीत एका पानावर ते लिहा. जूनमध्ये रोपं वाटताना ते पान उघडा आणि कुणाच्या परसात केळ लावायचं, कुणाच्या परसात नाही, ते तेव्हाच ठरवा. तोपर्यंत पाण्याचा हंडा जरा हात आखडून.