घरच्या फिश टँकमध्ये डॅमसेल मासा: आधी टँक तयार करा, मग मासा आणा!

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचे रील्स बघून आपणही असा सेटअप करावा असं अनेकांना वाटतं. दुकानात गेलं की एक सल्ला हमखास मिळतो, "सुरुवातीला डॅमसेल सोडा, स्वस्त आहे, सहसा मरत नाही." डॅमसेल चिवट आहे हे खरं. पण या सल्ल्यामुळे मासा आणि तुमचे पैसे, दोन्ही अडचणीत येतात. कसे, ते पाहूया.

डॅमसेल म्हणजे कोणता मासा?

प्रवाळांच्या आसपास राहणारा छोटा, चमकदार मासा. 'फाइंडिंग निमो'मधला क्लाउनफिश याच कुळातला. आपल्या लक्षद्वीपच्या समुद्रातही डॅमसेलच्या बऱ्याच जाती आहेत.

नव्या टँकमध्ये नेमकं काय होतं?

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विषारी असतो. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया पुरेसे नसतात. ते वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. यालाच 'सायकलिंग' म्हणतात.

या काळात सोडलेला डॅमसेल कदाचित जगेलही, पण अमोनियामुळे त्याच्या कल्ल्यांना इजा होते. तो तग धरतो, याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नाही.

मासा न सोडता सायकलिंग कसं करायचं?

१. घरातलं मीठ चालत नाही. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट मिसळा. सापेक्ष घनता १.०२३ ते १.०२५ ठेवा आणि ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजा.

२. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवा. आपल्या उन्हाळ्यात पाणी सहज याच्या वर जातं, तेव्हा पंखा किंवा चिलर लागेल.

३. अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं अमोनियाचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका.

४. टेस्ट किटने पाणी तपासत राहा. टाकलेला अमोनिया २४ तासांत संपला, नायट्राइटही शून्य आलं आणि नायट्रेट दिसलं, की टँक तयार.

प्रत्येक टेस्टचा फोटो एकाच उजेडात काढा आणि मोबाइलमध्ये तारखेनुसार ठेवा. रंगातला फरक लगेच कळतो.

डॅमसेल सगळ्यात शेवटी का?

कारण त्याची दादागिरी! आधी आलेला डॅमसेल टँकचा मोठा भाग आपलाच समजतो आणि नंतर आलेल्या माशांचा पाठलाग करतो, चावे घेतो. त्याला परत बाहेर काढायचं तर बऱ्याचदा सगळे दगड उपसावे लागतात. म्हणून शांत मासे आधी, डॅमसेल शेवटी.

जातही बघून घ्या. पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल साधारण ७ सेंमीचा आणि त्यातल्या त्यात शांत असतो. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला डॉमिनो लहानपणी गोड दिसतो, पण तो १४ सेंमीपर्यंत वाढतो आणि बराच भांडखोर होतो.

रोजची काळजी

टँकमधल्या पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. लाइट जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा.

महिनाभर नुसतं पाणी आणि दगड बघत बसायला कंटाळा येईल. पण तेवढं थांबलात, तर पहिलाच मासा सुरक्षित पाण्यात येईल.