दप्तर कोणाच्या हाती सोपवायचं?

मोडी कागदांचा रुमाल सोडला की आधी नजरेत भरतं ते हे, की यातलं एक पान दुसऱ्यासारखं नाही. काही पत्रं कागदाला कागद चिकटवून दोन-दोन हात लांब झालेली. जोडावर मागून उमटवलेला शिक्का. पत्र पोचल्याची पैवस्ती वेगळ्याच हातची, कधी पाठीवर. हे कागद डिजिटल करण्याचं काम नुसता ‘प्रतिपान दर’ मागवून दिलं, तर पुरवठादार लांब पत्राचे चार तुकडे करून टिपणार आणि पाठकोरं समजून मागची बाजू सोडून देणार. त्याला बोल लावता येत नाही. आपण पानं मागितली, त्याने पानं दिली.

पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ही मोडी संग्रहांची ठळक नावं झाली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही भोसले राजांच्या काळचे मोडी कागद आहेत. मोठ्या संस्थेला सल्ला द्यायला माणसं मिळतात. अडचण होते ती जिल्ह्याच्या गावातल्या वस्तुसंग्रहालयाची किंवा शंभरी ओलांडलेल्या ग्रंथालयाची. एक अभिरक्षक, एक लिपिक, अनुदान मार्चअखेर खर्ची टाकायचं, आणि टेबलावर तीन दरपत्रकं. त्यांच्यात एवढी तफावत का, हे सांगणारं कोणी नाही.

तफावत बरेचदा फाइलच्या प्रकारात दडलेली असते. ए-फोर आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयला टिपून कॉम्प्रेस न करता टिफमध्ये ठेवलं, तर ते सुमारे २६ एमबी भरतं. लाखभर पानांचे अडीच टीबीहून अधिक होतात, आणि दोन प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या तर त्याच्या दुप्पट. जेपेगमध्ये तेच पान एक-दोन एमबीत मावतं. वाचायला जेपेग पुरतं, जतनासाठी टिफ हवं. कागद आत ओढून घेणारा फीडर जीर्ण पानाला लावायचाच नाही, वरून टिपणारा कॅमेराच वापरायचा, हेही निविदेत लिहावं लागतं. लिहिलं नाही, तर स्वस्त दर बहुधा फीडरचा असतो.

त्याहून जास्त वेळ आणि पैसा लागतो नोंदींना. पत्रावर ‘खमस सबैन व अलफ’ असं लिहिलेलं असतं. पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे शुहूर सन १०७५. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे आणि इ. स. १६७४-७५ काढायचं. ज्याला हे ठाऊक नाही तो पत्राला फक्त क्रमांक देईल, आणि लाख फाइलींच्या ढिगात ते पत्र पुन्हा कधी सापडणार नाही. म्हणून टिपण्याचं काम आणि सूचीचं काम यांचे करार वेगळे असावेत, असं माझं ठाम मत आहे. मोडी वाचकाचं मानधन कॅमेरावाल्याच्या दरात कोंबलं की आधी कात्री त्यालाच लागते.

नामांकित पुरवठादार मिळाला म्हणजे निभावलं, असंही नाही. इंग्लंडच्या १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-नोंदवहीला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवं डूम्सडे तयार केलं. एकॉर्न आणि फिलिप्स या कंपन्या सोबतीला होत्या, शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या परिसराची माहिती आणि छायाचित्रं पाठवली होती. सगळं खास लेझर तबकड्यांवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांत ती तबकडी चालवणारी यंत्रं दुर्मीळ झाली, आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहावं लागलं. १०८६ची चामड्यावरची नोंद मात्र आजही वाचता येते. आपल्याकडेही ३१ डिसेंबर २०२० नंतर ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला, तेव्हा फ्लॅशवर बेतलेल्या दालनांतल्या पडद्यांसमोर तोच प्रश्न उभा राहिला. करारात म्हणून स्पष्ट हवं: मूळ फाइली, नोंदींचा तक्ता आणि सगळे पासवर्ड संस्थेच्या मालकीचे, स्वरूप खुलं, आणि करार संपताना सगळं एका हार्ड डिस्कवर परत.

सर्वात कमी दरवाल्यालाच काम, हा धाक समित्यांच्या मनात असतो. ऑक्टोबर २०२१च्या सूचनांनी केंद्र सरकारने सल्लासेवांखेरीज इतर कामांनाही गुणवत्तेला गुण द्यायची मुभा दिली, पण त्यांचं वजन ३० टक्क्यांपुढे जात नाही. मग उरतो नमुना. आपल्यातली सर्वात कठीण पन्नास पानं निवडावीत: फाटकी, शाई उतरलेली, लांब जोडाची. प्रत्येक इच्छुकाने ती संस्थेतच, अभिरक्षकासमोर टिपून दाखवावीत, आणि त्याबद्दल त्याला पैसेही द्यावेत. फुकट नमुना मागितला की चांगला माणूस येत नाही.

ब्रिटनमध्ये १९७७ पासूनची असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट म्युझियम्स लहान संग्रहालयांसाठी काम करते आणि पुरवठादारांनाही सभासद करून घेते. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने वस्तूंच्या सूचीसाठी ‘जतन’ प्रणाली घडवली, राष्ट्रीय संग्रहालयांनी ती वापरली. उणीव आहे ती अनुभव एकमेकांना देण्याची. ज्या मोठ्या संस्थांनी हे काम एकदा करून घेतलं, त्यांनी आपल्या निविदेचा मसुदा, पडलेला दर आणि तपासणीत निघालेल्या चुका जिल्ह्याच्या अभिरक्षकाला मागताक्षणी दाखवाव्यात. तिन्ही कागद त्यांच्या कपाटात तयारच आहेत.