कंजूष माणूस बदलतो, तेव्हा नेमकं काय बदलतं?

'चमडी जाईल, पण दमडी जाणार नाही' अशी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांच्या माघारी आपण त्यांना हसतो आणि अडचण आली की त्यांच्याच दाराची पायरी चढतो. आज आपण जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कंजुषाबद्दल बोलणार आहोत. हा आहे एबेनेझर स्क्रूज, चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या छोट्या कादंबरीचा नायक.

हे पुस्तक लंडनमध्ये १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. दोन्हींमध्ये जेमतेम सहा आठवड्यांचं अंतर आहे. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पुढे याच सांगलीच्या परिसरातल्या एका नाटककाराने लोभावर नाटक लिहिलं आणि साताऱ्याच्या मुलखाने सावकारीचा प्रश्न प्रत्यक्ष भोगला. म्हणून स्क्रूजची गोष्ट इथल्या मातीवर ठेवून वाचली, तर तिच्यातलं बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही आपल्याला दिसतात.

आधी गोष्ट थोडक्यात पाहू. स्क्रूज हा पैशाचा व्यवहार करणारा व्यापारी. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंगांवर राबतो. बॉबचा धाकटा मुलगा टिम आजारी आहे. नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजला त्याच्या मेलेल्या भागीदाराचं भूत भेटतं, मग भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवणारे तीन आत्मे येतात. आपण मेल्यावर कोणीही रडणार नाही, हे पाहून स्क्रूज हादरतो आणि सकाळी वेगळा माणूस होऊन उठतो. बॉबचा पगार वाढतो, टिम जगतो.

ही नुसती बोधकथा आहे का? नाही. गोष्टीच्या सुरुवातीला गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना स्क्रूज विचारतो की, तुरुंग आणि वर्कहाउस बंद पडलेत का? तिथे जायला जे तयार नाहीत त्यांनी मरावं, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल, असंही तो सुनावतो. हे त्याच्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नव्हतं. १८३४ च्या गरीब कायद्याने मदत हवी असलेल्यांना वर्कहाउसच्या कडक शिस्तीत ढकललं होतं आणि लोकसंख्येबद्दलचा माल्थसचा विचार तेव्हाच्या शहाण्या लोकांत मान्यता पावला होता. डिकन्सने सरकारी धोरणाची भाषा एका कद्रू म्हाताऱ्याच्या तोंडी घातली आणि ती किती क्रूर आहे ते दाखवलं. डिकन्सला हे पुस्तकी माहितीतून सुचलं नव्हतं. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात काम करत होता.

आता याच गोष्टीतला एक प्रसंग पाहू. तो सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. आपल्या मरणाने कोणाला काही वाटलं का, असं स्क्रूज विचारतो. तेव्हा आत्मा त्याला एका तरुण जोडप्याकडे नेतो. ते त्याचे कर्जदार आहेत. सावकार मेल्याचं कळल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटतं. कर्ज आता दुसऱ्या कोणाकडे जाईल, पण तो इतका निर्दय नक्कीच नसेल, एवढीच त्यांची आशा. दुसऱ्याच्या मरणावर आनंद होणं बरं नाही, हे त्यांनाही कळतं. तरीही त्या रात्री ते हलक्या मनाने झोपतात.

आता हेच कर्जदार आपण आपल्याकडे पाहू. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोकरूड गावात सावकाराचं घर लुटलं गेलं आणि कागदपत्रं जाळली गेली. कोकरूड तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज ते सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात आहे. दख्खनच्या या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या जिवावर नव्हता, कर्जखतांवर होता. हे फार बोलकं आहे. डिकन्सचं जोडपं सावकार मरण्याची वाट पाहत होतं. इथल्या शेतकऱ्याला मात्र कळलं होतं की सावकार मेला तरी खत मरत नाही, ते त्याच्या मुलाकडे जातं.

यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. खतावर आकडा काय लिहिलाय एवढंच न पाहता मूळ कर्ज किती होतं, व्याज कसं चढलं, याचा मागोवा घेण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही थांबलं. म्हणजे मार्शलसीसारखा अनुभव सातारच्या कुणब्याच्या पोराला येऊ नये, अशी तरतूद झाली. या कायद्याने सगळे सावकार सज्जन झाले नाहीत. पण सावकार सज्जन होईपर्यंत वाट पाहायची नाही, हे तत्त्व मान्य झालं.

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हाच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने मांडतात. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. तेव्हा व्हिक्टोरिया राणीचंच राज्य होतं. त्या अर्थाने हीसुद्धा व्हिक्टोरियन काळातलीच कलाकृती. इथे लोभी माणूस परका सावकार नाही. तो मुलीचा बाप आहे आणि त्याचं नावच कांचनभट. पैशासाठी तो आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. मधे भद्रेश्वर दीक्षित हा दलाल आहे. घेणारा, देणारा, जमवणारा असा पुरा बाजार देवल उभा करतात. स्क्रूज एकटा होता, कांचनभटाच्या पाठीशी मात्र रूढी उभी आहे.

आणि हे लग्न मोडतं कशामुळे? बापाला उपरती झाली म्हणून नाही. वधू-वर सगोत्र निघतात म्हणून! मुलीचं वय, तिची आई, तिचे अश्रू, यांपैकी काहीच पुरेसं कारण ठरत नाही. कारण ठरतं ते गोत्र. शारदेच्या सुटकेत आनंद आहे खरा, पण त्याच्या पोटात ही बोचरी टीका आहे. गोत्र वेगळं असतं तर?

हाच प्रश्न आपण स्क्रूजला लावून पाहू. त्या रात्री आत्मे आले नसते तर? टिम मेला असता. एका मुलाचा जीव एका शेठच्या मनावर अवलंबून असणं, हीच मुळात भीषण गोष्ट आहे. डिकन्सलाही हे उमगत गेलं असावं. पुढच्या 'हार्ड टाइम्स' (१८५४) आणि 'लिटल डॉरिट' (१८५७) या कादंबऱ्यांत तो एका माणसाच्या हृदयापेक्षा कारखाना, सरकारी कचेरी, कर्जदारांचा तुरुंग यांच्याकडे बोट दाखवतो. पण 'कॅरोल'मध्येही याचं बीज आहे. वर्तमानाचा आत्मा झग्याखालून दोन खंगलेली मुलं बाहेर काढतो. मुलगी म्हणजे दारिद्र्य, मुलगा म्हणजे अज्ञान. आणि अधिक सावध राहा ते मुलापासून, असं तो बजावतो.

बरोबर चाळीस वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहितात आणि शेतकऱ्याच्या नागवणुकीच्या मुळाशी अविद्या ठेवतात. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. खतावर काय लिहिलंय हे वाचता येत नाही, तोवर अंगठा उठवावाच लागतो. मग १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्था काढतात आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात येते. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही खर्ची पडतं. डिकन्सने झग्याखालून दाखवलेल्या त्या मुलाला इथे कोणीतरी हाताला धरून शाळेत बसवलं.

मग स्क्रूजचं परिवर्तन खोटं का? मुळीच नाही. ज्याच्या हातात आज दुसऱ्याचा पगार, भाडं किंवा व्याज आहे, त्याने ही गोष्ट जरूर वाचावी. तो बदलला, तर एक घर आजच्या आज सुखी होईल. पण तो बदलेपर्यंत टिमने, शारदेने आणि कोकरूडच्या कर्जदाराने काय करायचं? त्याचं उत्तर स्क्रूजच्या हृदयात सापडत नाही. ते कायद्यात, शाळेत आणि चारचौघांत उठलेल्या आवाजात शोधावं लागतं.