राग तोच, स्टान्स वेगळा

१२ मे २०२५ ला विराट कोहलीनं कसोटी क्रिकेट सोडलं आणि दिवसभर एकच पालुपद ऐकलं: आता तो आवेश कुठे बघायला मिळणार? ९२३० धावा राहिल्या बाजूला.

खेळापेक्षा खेळाडूच्या भावना बघायचं हे खूळ नव्वदीतलं. त्याआधी मुंबईचा खडूसपणा म्हणजे चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, एवढंच ठाऊक. मग घरोघरी टीव्हीवर क्लोजअप आले आणि आपण फूटवर्क सोडून चेहरे वाचायला लागलो. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. १ बाद ९८ वरून ८ बाद १२०. बाटल्या, जाळपोळ, सामना श्रीलंकेला बहाल. नाबाद १० वर असलेला विनोद कांबळी रडत परतला आणि 'मनानं कच्चा' हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला. सतरा कसोटींत ५४.२० ची सरासरी असलेल्या फलंदाजावर! त्याची खरी अडचण आखूड टप्प्याचा चेंडू. वेस्ट इंडिजच्या वॉल्शनं ती १९९४ मध्येच उघडी पाडली होती. पण त्यावर कोण बोलणार? अश्रू जास्त खपतात.

जानेवारी १९९९, चेपॉक. पाकिस्तानविरुद्धची कसोटी, २७१ चं लक्ष्य, ५ बाद ८२. पाठीत कळा येत असताना सचिन १३६ पर्यंत पोचला. विजयाला १७ हव्या असताना सकलेनला उचलायला गेला, चेंडू नीट बसला नाही, अक्रमनं झेल घेतला. बारा धावांनी हार. 'सचिन दडपणाखाली कच खातो' म्हणणारे महाभाग आजही भेटतात. तो गेल्यावर उरलेल्यांनी चार धावांत गाशा गुंडाळला, हे मात्र त्यांना आठवत नाही. त्याच वर्षी वडिलांच्या निधनानंतर त्यानं ब्रिस्टलला नाबाद १४० केल्या, तेव्हा हेच लोक म्हणाले, दुःखानं बळ दिलं. समोर केनिया होता, हे सोयीस्करपणे विसरून.

पुढची वर्षं मी भराभर ओलांडतो. कोहलीचंच घ्या. इंग्लंडमध्ये २०१४ ला दहा डावांत १३४ धावा, २०१८ ला ५९३. संताप दोन्ही दौऱ्यांत तोच. दुसऱ्या वेळी तो क्रीझच्या बाहेर उभा राहिला आणि अँडरसनला एकदाही सापडला नाही.

आज मैदानांवर बारा वर्षांची पोरं बाद झालेल्याला हातवारे करून तंबूत धाडतात, आणि कडेला उभे असलेले सर कौतुकानं 'अ‍ॅग्रेशन' म्हणतात. सर, पोराचा ऑफस्टंप कुठे आहे, ते आधी त्याला कळू द्या.