गळका चेक व्हॉल्व्ह: पाइप कापायची घाई नको

पंप बंद झाला की स्विमिंग पूलच्या पाइपमधलं पाणी मागे फिरू पाहतं. त्याला अडवतो चेक व्हॉल्व्ह. आतली झडप पाणी पुढे जाताना उघडते, उलटं आलं की मिटते. हीटर आणि क्लोरिनेटर यांच्यामध्ये तर तो हवाच. तीव्र क्लोरीनचं पाणी मागे सरकलं, तर हीटरमधल्या तांब्याच्या नळ्या खाऊन टाकतं.

आधी गळती कुठली ते ओळखायचं. झाकणाच्या कडेनं थेंब येत असतील तर संशयित झाकणाखालची रबरी ओ-रिंग. बाहेर सगळं कोरडं, पण पूलपेक्षा उंचावरच्या पंपाची बास्केट रोज रिकामी होत असेल, तर झडप नीट मिटत नसण्याची शक्यता मोठी. बऱ्याचदा कारण क्षुल्लक असतं: खडा, पानाचा देठ.

जँडी ब्रँडच्या व्हॉल्व्हसारख्या व्हॉल्व्हचं झाकण स्क्रूंनी बसवलेलं असतं. पंप बंद करून फिल्टरमधला दाब सोडायचा, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करायचे, मगच झाकण उघडायचं. अडकलेला कचरा काढायचा, ओ-रिंगची खाच पुसायची, चपटी झालेली ओ-रिंग बदलायची, नवीला सिलिकॉन ग्रीस लावायचं. व्हॅसलीन नको! पेट्रोलियममुळे बरेच रबर फुगतात. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एका बाजूनं पिळले की झाकण तिरकं बसतं.

चिकटवलेला सांधाच झिरपत असेल, तर बाहेरून पुटी थापणं म्हणजे वेळकाढूपणा. तो भाग कापून नवा व्हॉल्व्ह बसवा, आणि बसवताना अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेला आहे ना, हे सिमेंट लावण्याआधी पाहा.