आजोबांच्या पेटीतला उपग्रह किती लाखांचा?

मोबाइलवर मेसेज येतो. ‘तुमच्याकडे दोन रुपयांची जुनी नोट आहे का? मागे उपग्रहाचं चित्र आहे? पाच लाख रुपये मिळवा!’ खाली व्हॉट्सॲप नंबर. मग घरात शोधाशोध सुरू होते. आजोबांची पेटी, देवघरातला डबा, आजीचा बटवा... आणि नोट खरंच सापडते! फोन लावला की पलीकडचा माणूस लै गोड बोलतो. रिझर्व्ह बँकेचा लोगो असलेलं पत्र पाठवतो. ‘रक्कम तयार आहे, फक्त नोंदणी फी भरा.’ मग जीएसटी. मग ‘ना हरकत’चे पैसे. परीक्षा फीसाठी ठेवलेले किंवा आईवडिलांनी ऊसतोडीच्या उचलीतून दिलेले पैसे असेच जातात. नोट मात्र तिथेच, पेटीत.

नोट खरी आहे, बरं का. त्या नोटेवरचा उपग्रह म्हणजे आर्यभट, १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत रॉकेटमधून गेलेला भारताचा पहिला उपग्रह. पण अशा नोटा प्रचंड संख्येने छापल्या गेल्या आणि घरोघरी राहिल्या. जी वस्तू गल्लीत दहा जणांकडे आहे, तिला लाखांचा भाव कोण देणार? ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. म्हणजे बँकेच्या नावाने फी मागितली, की समोरचा ठग आहे हे तिथेच कळतं.

वस्तू नाही, प्रवास तपासा

अवकाशाशी संबंधित जुन्या वस्तू जमवण्याचा छंद जगभर आहे. तिकिटं, पाकिटं, अंतराळवीरांच्या सह्या, यानातून जाऊन आलेल्या वस्तू असं बरंच काही विकलं जातं. अडचण अशी, की अवकाशात जाऊन आलेली पिशवी आणि न गेलेली पिशवी दिसायला सारखीच. म्हणून जाणकार आधी विचारतात, ही कुणाकडून कुणाकडे आली? प्रत्येक टप्प्याचा कागद आहे का?

याचं भन्नाट उदाहरण अमेरिकेतलं. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी लिलावात एका महिलेने ९९५ डॉलरला एक पांढरी पिशवी घेतली. खात्री करण्यासाठी तिने ती नासाकडे पाठवली. निघालं काय, तर अपोलो ११ मोहिमेत नील आर्मस्ट्राँगने चंद्रावरची माती ज्यात आणली, तीच ही पिशवी! आत चंद्राची धूळ होती. नासा पिशवी परत देईना. प्रकरण कोर्टात गेलं. तिने ती रीतसर लिलावात घेतली होती, म्हणून निकाल तिच्या बाजूने लागला. जुलै २०१७ मध्ये पिशवी १८ लाख डॉलरला विकली गेली. धुळीने पिशवीची ओळख पटवली, पण मालकी टिकली ती खरेदीच्या कागदावर.

उलट गोष्ट नेदरलँड्सची. तिथल्या प्रसिद्ध राइक्स संग्रहालयात एक ‘चंद्राचा दगड’ होता. १९६९ मध्ये अमेरिकी राजदूताने माजी पंतप्रधानांना दिलेला. संग्रहालयाने नासाला फोन करून विचारलंही होतं, पण दगड तपासलाच नव्हता. २००९ मध्ये कळलं, की ते दगड झालेलं लाकूड आहे! एवढं मोठं संग्रहालय फसतं, तर इन्स्टावरचा फोटो बघून आपण कसा विश्वास ठेवायचा?

सही खरी की मशीनची?

सह्यांमध्ये तर फारच गोलमाल. नासाच्या अंतराळवीरांना इतकी पत्रं यायची, की सह्या करायला मशीन वापरलं जायचं. माणूस दोनदा सही करतो तेव्हा थोडा तरी फरक पडतो. मशीनच्या सह्या एकमेकींवर तंतोतंत बसतात. आर्मस्ट्राँगने १९९४ नंतर चाहत्यांना सह्या देणंच बंद केलं. म्हणून त्यानंतरची म्हणून कुणी सही विकत असेल, तर दहा वेळा विचार करा. आणि सोबतच्या ‘सर्टिफिकेट’ला भुलू नका. ते कुणीही छापू शकतं. ते देणारा कोण, हे महत्त्वाचं.

तांदूळ ओढणारं भांडं

आपल्याकडे नासाच्या नावावर आणखी एक धंदा चालतो, ‘राइस पुलर’. वीज पडलेलं तांब्याचं भांडं, ते तांदूळ ओढतं, नासा-इस्रो कोट्यवधींना घेतात, अशी कहाणी असते. मांडुळाच्या अफवेचाच हा भाऊ. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका बापलेकाला पकडलं. त्यांनी एका व्यापाऱ्याला असंच १ कोटी ४३ लाखांना फसवल्याचा आरोप होता. रुबाबासाठी अंतराळवीरासारखे चंदेरी सूटही वापरले होते! इथेही पैसे ‘तपासणी’च्या नावाखालीच मागितले जातात.

मग छंद करायचाच नाही का?

करा की! आणि सुरुवात पोस्टातून करा. आर्यभटाच्या उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी डाक विभागाने २५ पैशांचं तिकीट काढलं. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा अवकाशात झेपावले, त्याच दिवशी ३ रुपयांचं तिकीट आलं. तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट म्हणजे ‘प्रथम दिवस आवरण’. त्यावरची तारीख हीच त्याची पहिली ओळख.

नवी तिकिटं घरपोच हवी असतील, तर डाक विभागाची फिलाटेली ठेव खात्याची योजना आहे. किमान २०० रुपयांपासून खातं उघडता येतं. बीडच्या मुख्य पोस्टात चौकशी करा. सरळ पोस्टातून घेतलेल्या तिकिटाचा खरेपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. आणि पावती तिकिटाइतकीच जपा. वीस वर्षांनी तुमच्या संग्रहाची गोष्ट तीच सांगेल.

राहिली आजोबांची नोट. ती विकू नका. कोणत्या साली, कशी घरात आली, हे त्यांना विचारून एका कागदावर लिहा आणि नोटेसोबत ठेवा. लाख मिळणार नाहीत, पण संग्राहक जे करतो, ते तुम्ही सुरू केलेलं असेल.

पैसे देण्याआधी

• वस्तू आधी कुणाकडे होती? कागद दाखवा म्हणा.
• ‘आज घेतली नाही तर गेली’ म्हणतो? जाऊ द्या.
• तुमची वस्तू विकायला तुमच्याकडूनच फी? फोन ठेवा.
• अपोलोने आणलेली चंद्राची माती विकतोय? ती अमेरिकी सरकारची मालमत्ता आहे, बाजारात सर्रास मिळत नाही.
• फसलात? लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.